मागच्या घरात जागा आहे

१

चढ लागायच्या आधी गाडीतला हीटर पूर्ण चालू करा, असं वस्ताद गिऱ्हाइकांना सांगायचा तेव्हा निम्मे लोक हसायचे. उन्हाळ्यात कसला हीटर? मग तो हातातली चिंधी बाजूला ठेवून शांतपणे समजावायचा. मागे ओझं लावून गाडी चढावर घातली की इंजिन तापतं, आणि त्याहून जास्त तापतो गिअरबॉक्स. ती उष्णता कुठूनतरी बाहेर काढायला हवी. हीटर म्हणजे इंजिनाला मिळालेला आणखी एक लहानसा रेडिएटर. तुम्ही घामाघूम व्हाल, पण गाडी वर पोचेल. एसी बंद, गिअर खालचा, घाई नाही. आणि मध्ये थांबलात तर लगेच इंजिन बंद करायचं नाही. न्यूट्रलला टाकून थोडी रेस देत बसायचं, म्हणजे पंखा फिरतो, तेल फिरतं आणि तापमानाचा काटा हळूहळू खाली येतो.

"आणि नाही आला तर?" एखादा विचारायचाच.

"तर माझ्याकडे या. तुमचा काटा वर गेला की माझी चूल पेटते."

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून परत जसाच्या तसा बसवणारा त्या भागात तो एकटाच, म्हणून सगळे त्याला वस्ताद म्हणत. बायकोही चिडवायची असली की वस्ताद म्हणायची, एरवी अहो.

बायको कपडे शिवायची. गेल्या वर्षापासून श्वास आत घेताना तिच्या छातीत एक बारीक शिट्टी वाजायला लागली होती. आवाजावरून बिघाड ओळखण्यात वस्तादाचं अर्धं आयुष्य गेलेलं. हा आवाज त्याला झोपेतही ऐकू यायचा. पण इथे उघडून बघता येत नव्हतं. शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एकट्याला आत बोलावलं आणि सांगितलं, "इथली दमट हवा यांना सोसणार नाही. घाटाच्या वर, पठारावर श्वासाच्या पेशंटसाठी दवाखाना आहे, तिथे न्या. हा उन्हाळा यांनी खालीच काढला, तर पुढचा बघतील असं मी म्हणणार नाही."

बायको तेव्हा बाहेर बाकावर बसली होती. त्या दवाखान्यात भिंतीला लागून एक लांबलचक बाक होता आणि त्यावर धापा टाकणारी माणसं दाटीवाटीने बसलेली असत. बायकोची एक सवय होती. दारात कोणी नवीन दिसलं की ही सरकून घ्यायची. "या, बसा की इकडे. जागा आहे." असं करत करत ती बाकाच्या टोकाला यायची, एका मांडीवर तोल सांभाळत.

"अगं, तू पण पेशंटच आहेस," वस्ताद चिडून म्हणायचा.

"त्यांना माझ्यापेक्षा जास्त होतंय हो."

त्या बाकावरचे चेहरे बदलत असत. सगळे वर जायच्या गोष्टी करत. कोणाची गाडीची सोय व्हायची होती, कोणाला मुलगा येऊन नेणार होता. मग एखाद्या सकाळी त्यांच्यापैकी कोणीतरी दिसायचं नाही. कुठे गेलं, असं कोणी विचारायचं नाही.

२

वर राहायला खोल्या नव्हत्या. लोक चाकांवरचं घर ओढून नेत, दवाखान्याच्या आवारात लावत आणि पेशंटसोबत महिनोन् महिने त्यातच राहत. वस्तादाने एका जुन्या चासीवर स्वतःच्या हाताने तसं घर उभं केलं. एक पलंग, एक ओटा, दोन खिडक्या, शिलाई मशीनपुरता कोपरा. ओढणारी गाडी जुनी होती, पण तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्याने दात न् दात बघून भरला होता. तेल थंड करायला वेगळी जाळी लावली होती, आणि समोर गिअरबॉक्सच्या तेलाच्या तापमानाचा काटा बसवला होता. हिरवा पट्टा, पिवळा पट्टा, लाल पट्टा. मागचं घर लावून त्याने गाडी दोनदा लहान टेकडीवर नेऊन आणली होती. काटा पिवळ्याच्या अलीकडे थांबला होता. त्याला गाडीचा भरवसा होता.

ती दोघं पहाटे निघाली. घाटाच्या पायथ्याशी उजाडलं. सकाळी तो घाट फक्त चढणाऱ्या गाड्यांसाठी असायचा, उतरणाऱ्यांना दुपारनंतर सोडत. वस्तादाने पायथ्याशी थांबून मागच्या घराचा जोड, साखळ्या, टायर सगळं हाताने तपासलं, आणि आत बसून हीटर पूर्ण चालू केला.

पहिल्या वळणापर्यंतच बायकोचा चेहरा लाल झाला. काच खाली केली तर पुढच्या ट्रकचा धूर थेट आत. तिने काच वर केली. शिट्टी मोठी झाली, मग तुटक झाली. वस्तादाने हीटर बंद केला तसा इंजिनाचा काटा उठायला लागला. त्याने परत चालू केला.

"थांबवा जरा," ती म्हणाली. "मी मागे जाऊन पडते."

"मागे कोणी बसायचं नसतं."

"का?"

"नसतं बसायचं. जोड तुटला, काही झालं तर..."

"जोड कोणी बनवलाय?"

"मी."

"मग तुटेल का?"

ज्या गिऱ्हाइकांनी मागच्या घरात पोरं बसवून आणली, त्यांना वस्तादाने चार लोकांत झापलेलं होतं. पण त्याच्या शेजारी तिचे खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलले जात होते. त्याने गाडी कडेला घेतली. तिला पलंगावर मधोमध निजवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या. गॅरेजात मागचे दिवे तपासायला दोन वॉकीटॉकी असत, ते त्याने बरोबर घेतले होते. एक तिच्या हातात दिला.

"दर वळणाला बोलत राहा."

"काय बोलू? वस्ताद, पुढे बघा?"

"ते पण चालेल."

३

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. दुसऱ्या गिअरवर गाडी सावकाश चढत होती, इंजिन एका सुरात होतं. मागून तिचा आवाज येत होता. इथे गार वाटतंय. झाडं मागे पळताना दिसतायत. ओट्यावरचा डबा सरकतोय, पण पडत नाही. वस्ताद घामाने भिजला होता आणि मनातून सुखात होता.

मग काटा पिवळ्यात गेला.

चढ अजून खरा लागलाही नव्हता. टेकडीवर याच्यापेक्षा उभा रस्ता होता आणि तिथे काटा हिरव्यातच होता. वस्तादाने गिअर आणखी खाली घेतला. काटा क्षणभर थबकला आणि परत वर निघाला. इंजिनाचा आवाजही बदलला होता. ओझं वाढलं की इंजिन दाबलेल्या आवाजात बोलतं. कानावर दाबलेल्या उशीतून यावं तसा तो आवाज येत होता.

पुढच्या रुंद वळणावर त्याने गाडी बाजूला घेतली. न्यूट्रल, हातब्रेक, थोडी रेस. मग खाली उतरून मागच्या घराच्या चाकांखाली लाकडी ठोकळे सारले आणि ब्रेकच्या ड्रमांवर एकेक करून तळहात ठेवला. मागचा ब्रेक चिकटला असेल तर ड्रम तव्यासारखा तापलेला लागतो. चारही ड्रम गार होते. बेअरिंग गार. तेलाची पातळी बरोबर. वारा म्हणावा तर पानही हलत नव्हतं.

काटाच खोटा असेल, त्याने स्वतःला सांगितलं. पण गाडीच्या खाली वाकला तेव्हा तेलाचा गोडसर, करपट वास आला. काटा खोटं सांगेल, हा वास कधी सांगत नाही.

त्याने मागचं दार उघडलं. बायको जागी होती. शिट्टी बारीक, नेहमीची. पण ती पलंगाच्या अगदी कडेला, भिंतीला पाठ लावून आडवी होती. दोन्ही उशा दुसऱ्या टोकाला नीट एकावर एक ठेवलेल्या.

"अशी का झोपलीस? पडशील वळणावर."

"पुरते की मला एवढी जागा."

"मधे सरक."

ती सरकली. त्याने दार लावलं, ठोकळे काढले आणि काटा हिरव्यात आल्यावर गाडी परत रस्त्यावर घेतली. निघताना त्याला वाटलं की गाडी उचलायला आधीपेक्षा जास्त वेळ घेतेय. त्याने ते चढावर ढकललं.

४

"अहो, किती राहिलं?" वॉकीटॉकीवर बायकोने विचारलं.

"निम्म्याच्या आत आहोत. दमलीस का?"

"मी नाही. असंच विचारलं."

जरा वेळ नुसती खरखर. तिने बटण दाबून ठेवलं होतं, तिला ते सोडायचं कधी लक्षात राहायचं नाही. मागच्या घराचे आवाज वस्तादाला ऐकू येत होते. फळ्यांची कुरकुर. डब्याची टणटण. तिची शिट्टी. आणि मग तिचा आवाज, जरा लांबून, तोंड दुसरीकडे करून बोलल्यासारखा.

"या ना. बसा इकडे, जागा आहे."

वस्तादाचा पाय अॅक्सिलरेटरवर तसाच राहिला. मग खरखर थांबली, तिचं बटण सुटलं.

"कोणाशी बोलतेस?"

"अं? कोणाशी नाही."

"आत्ता बोललीस."

"डुलकी लागली असेल. पुढे बघा, वस्ताद."

ती हसली आणि त्यालाही बरं वाटलं. माणूस झोपेत बोलतं. त्याची आई झोपेत भाजीवालीशी भांडायची. त्याने आरसा सरळ केला. आरशात मागच्या घराची पुढची भिंत आणि तिची लहानशी काच एवढंच दिसत होतं. काच पांढरी दिसत होती. उन्हाचं असेल.

पण स्टेअरिंग हलकं झालं होतं. हे त्याला हातात कळलं, डोळ्यांच्या आधी. मागचं ओझं जोडावर दाबलं गेलं की गाडीची शेपटी बसते आणि नाक उचलतं, मग पुढची चाकं रस्त्याला नीट धरत नाहीत. बॉनेटच्या कडेवरून मघाशी रस्ता दिसत होता. आता नुसतं आकाश दिसत होतं.

त्याच्या घरातलं सगळं सामान त्याने स्वतः उचलून ठेवलं होतं. काय किती जड आहे ते त्याच्या पाठीला पाठ होतं. हे ओझं त्यातलं नव्हतं.

५

घाटाच्या मध्यावर तापलेल्या गाड्यांसाठी एक थांबा होता. झऱ्याचं पाणी पाइपाने आणलेलं, एक पत्र्याची शेड आणि शेडमध्ये रस्त्याच्या खात्याचा एक म्हातारा पाणीवाला. त्याचं काम रेडिएटर गार करायला पाणी द्यायचं आणि घाईने झाकण उघडणाऱ्यांना ओरडायचं.

वस्तादाने गाडी थांबवली. काटा लालच्या तोंडाशी होता.

"रेस देत राहा, बंद नका करू," म्हातारा म्हणाला. मग त्याने इंजिन ऐकलं, वस्तादाच्या हातावरचे तेलाचे डाग बघितले. "तुम्हाला काय सांगायचं म्हणा. पण धंद्यातला माणूस असून एवढं भरलंत?"

"रिकामंच आहे जवळजवळ."

"हे रिकामं?" म्हाताऱ्याने पाइपाने मागच्या घराकडे दाखवलं. स्प्रिंगांच्या पट्ट्या सपाट झाल्या होत्या. टायर खाली फुगून रस्त्यावर पसरले होते. "बरं, तुम्ही म्हणता तर रिकामं. पण जरा दार उघडून बाकीच्यांना तरी खाली उतरू द्या. पाय मोकळे करतील. आत कोंबून आणलंय बिचाऱ्यांना."

"आत माझी बायको आहे. एकटी."

म्हातारा हसला. वस्ताद चेष्टा करतोय असं त्याला वाटलं असावं. मग त्याने वस्तादाचा चेहरा नीट बघितला आणि हसणं अर्ध्यावर सोडून पाइप गुंडाळायला लागला. बराच वेळ गुंडाळत राहिला.

"काचेला हात लावून होते, म्हणून म्हटलं," तो पाठमोरा म्हणाला.

वस्ताद मागे गेला. दोन्ही खिडक्यांच्या काचा आतून वाफेने भरल्या होत्या, खालपासून वरपर्यंत, इतक्या की थेंब ओघळत होते. भर उन्हात. एका माणसाच्या श्वासाने एवढी वाफ धरत नाही, हे कोणालाही कळेल. त्याने त्याचंही कारण शोधलं: ओट्याखालची पाण्याची टाकी गळत असेल, पाणी तापलं असेल. दाराच्या कडीवर हात ठेवून तो हे सगळं नीट, ओळीने जुळवत उभा राहिला, आणि मगच त्याने कडी उघडली.

आतली हवा त्याच्या तोंडावर आली. ओळखीची हवा. दवाखान्याच्या त्या खोलीत बाकाजवळ असायची तशी, पुष्कळ जणांनी वापरलेली.

बायको जमिनीवर बसली होती. दाराला लागून, गुडघे पोटाशी घेऊन. पलंग मोकळा होता. चादर कुठे चुरगळलेली नव्हती, ताणून घातलेली होती; फक्त गादी ओळीने दबलेली होती, भिंतीपासून कडेपर्यंत.

"खाली का बसलीस?" त्याने विचारलं. आवाज नीट निघाला याचं त्याला आश्चर्य वाटलं.

"इथे वारा येतो फटीतून."

"कोण आहे इथे?"

तिने त्याच्याकडे बघितलं. आणि पाय आणखी जवळ ओढून घेतले.

६

ओझं आहे ना, मग ओझं कमी करायचं. यापलीकडे त्याच्या डोक्याला काही सुचेना, आणि जे येत होतं ते त्याने हाताशी असलेल्या कामाने अडवलं. त्याने टाकीचं पाणी सोडून दिलं. गॅसची टाकी काढून शेडमध्ये ठेवली. भांडी, ट्रंक, जादाचं चाक. म्हातारा मदतीला आला नाही. लांब उभा राहून बघत होता.

शेवटी शिलाई मशीन उरली. तिच्यावर बायको कोणाला साधा हात ठेवू द्यायची नाही. वस्ताद घुटमळला.

"न्या की," ती म्हणाली. "तेवढंच त्यांना पाय पसरायला होईल."

तो मशीन उचलून खाली उतरला. ती ठेवायला तो वाकला, तेव्हा त्याच्या पाठीमागे स्प्रिंगा कुरकुरल्या. मागे वळून बघितलं तर रिकामं केलेलं घर आणखी खाली बसलं होतं.

"म्हातारबा," त्याने विचारलं, "इथून गाडी वळवता येईल?"

"दुपारी फाटक उघडलं की. आत्ता वळलात तर समोरून ट्रक." म्हातारा जवळ येईना. "आणि वळवून काय करणार? खालीच न्यायचंय का त्यांना?"

त्याने 'त्यांना' म्हटलं ते बायकोला उद्देशून की आणखी कोणाला, हे वस्तादाने विचारलं नाही. दुपारपर्यंत थांबायचं तर तिची शिट्टी आताच इतकी बारीक झाली होती की मध्ये मध्ये ऐकू येत नव्हती. वर ऑक्सिजन होता, डॉक्टर होते. उरला होता तो शेवटचा, सगळ्यात उभा टप्पा.

काटा हिरव्यात यायची वाट न बघता तो निघाला. कामात अशी चूक त्याने आजवर केली नव्हती.

७

तिसऱ्या वळणावर गिअरबॉक्स घसरला. इंजिन मोकळं ओरडलं, गाडी जागच्या जागी राहिली, मग हिसका देऊन गिअरने परत धरलं. केबिनमध्ये करपट धूर आला. काटा लालमध्ये पोचला होता.

वळणावर कडेला थोडी सपाट जागा होती. वस्तादाने कशीबशी गाडी तिथे घातली, ठोकळे सारले, जोड सोडला, साखळ्या काढल्या. ट्रक मागून येऊन पुढे जात होते. चढावर कोणी थांबत नाही. थांबलेली गाडी परत उचलत नाही. राहायचं घर गेलं तर गेलं. उघड्यावर राहू. ती वर पोचायला हवी.

त्याने दार उघडलं तेव्हा ती उभी होती. दाराच्या आणि ओट्याच्या मधल्या वीतभर जागेत, खांदे आवळून, मान तिरकी करून, एका पायावर.

"चल."

"आणि हे?"

"हे इथेच राहू देत."

"कसं राहू देत हो? सगळ्यांना वर जायचंय. किती दिवस बसलेत बिचारे. कोणी न्यायलाच आलं नाही."

"तू नाही म्हण त्यांना."

"नाही कसं म्हणायचं?" ती खरंच त्याला विचारत होती.

त्याने तिला उचललं. ती फार हलकी लागली. पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, हीटर बंद केला, आणि आपल्या बाजूला यायला गाडीच्या पुढून वळसा घातला. त्याच वेळी मागच्या घराच्या स्प्रिंगा वाजायला लागल्या. एक कुरकुर, थोडं थांबून दुसरी, मग तिसरी. त्याला ऐकायचं नव्हतं, पण असले आवाज ऐकणं हाच त्याचा धंदा होता. घर थोडं थोडं करून वर येत होतं. दार उघडं होतं आणि दारात कोणी नव्हतं. शेवटी ते त्याने बनवलं होतं तेवढ्या उंचीवर येऊन हलायचं थांबलं.

आपल्या गाडीच्या मागच्या चाकांकडे त्याने बघितलं नाही. आत बसला आणि निघाला.

एवढं मोठं घर मागे सोडल्यावर गाडीने उडी मारायला हवी होती. ती मुंगीच्या पावलाने चढली. बॉनेटच्या कडेवर आकाशच होतं. काटा लालमध्ये होता तिथून हलला नाही, आणि थोड्या वेळाने इंजिनाचा काटाही त्याच्या मागोमाग निघाला.

आता हीटर लावायचा तर शेजारी ती. नाही लावायचा तर गाडी इथेच बसणार, आणि ती इथेच. त्याचा हात खटक्याकडे गेला आणि मागे आला.

"लावा की," ती म्हणाली. "मला चालेल."

त्याने लावला. गरम हवेचा लोट आला. दर श्वासाला तिच्या गळ्याखाली खड्डा पडत होता. पण तिचं लक्ष तिकडे नव्हतं. ती मागे बघून हसली, आणि दाराकडे सरकली. पाय वर घेतले. सीटच्या कडेला आली, गाल काचेला टेकला. तिच्या आणि त्याच्या मध्ये सीटचा मोकळा रेक्झिन होता, आणि तो रेक्झिन हळूहळू खाली दबला.

"अगं," वस्ताद समोर बघत म्हणाला, "आयुष्यात एक गोष्ट ऐक माझी. ही तुझी जागा आहे. ही कोणाला देऊ नकोस."

"एवढ्यात मावतील हो," ती म्हणाली. "मला कितीशी लागते?"

८

गाडी वर पोचली. कशी पोचली हे त्याला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. वरची हवा कोरडी आणि हलकी होती. दवाखान्याचं आवार मोठं, स्वच्छ. कडेने लोकांची चाकांवरची घरं ओळीने लावलेली. कोणीतरी कपडे वाळत घालत होतं.

वस्ताद दरवाज्यासमोर थांबला. न्यूट्रल, हातब्रेक, थोडी रेस. दोन्ही हात स्टेअरिंगवर आणि डोळे काट्यावर.

त्याच्या पाठीमागे पुष्कळ जण श्वास घेत होते. धापा नव्हत्या. पोटभर, मोकळे, लांब श्वास. खूप तहानेनंतर पाणी पितात तसे. त्यात तो एक बारीक शिट्टी शोधत राहिला.

मग गाडी हलली आणि मागून थोडी वर आली. दार उघडलं नव्हतं. परत हलली, परत थोडी वर आली. एकामागून एक, घाई न करता, एकमेकांना वाट देत असावेत तसं. श्वास कमी कमी होत गेले. बॉनेटच्या कडेखालून हळूहळू दवाखान्याची पायरी दिसायला लागली. त्या दोघांच्या मधला रेक्झिन सुस्कारा टाकून वर आला.

आणि सगळ्यात शेवटी गाडी डाव्या अंगाने, पुढून, अगदी एवढीशी उचलली गेली. दुसऱ्या कोणाला कळलंही नसतं.

आतून एक वॉर्डबॉय चाकांची खुर्ची ढकलत आला. डावीकडच्या काचेशी वाकून त्याने आत बघितलं. हात दाराच्या कडीला लावला होता, तो त्याने काढून घेतला. मग सरळ उभा राहिला आणि गाडीवरून पलीकडे वस्तादाकडे बघत राहिला.

"दादा," तो हळू म्हणाला, "आधी गाडी बंद करता का?"

काटा खाली येत होता. लालमधून पिवळ्यात, पिवळ्यातून हिरव्याकडे, उत्तम बांधलेल्या गिअरबॉक्सचा यावा तसा.

वस्तादाने ब्रेक पूर्ण दाबला, गिअर टाकला, आणि ब्रेकवरचा पाय न काढता दुसऱ्या पायाने रेस दिली. थांबलेल्या गाडीत असं केलं की तेल जागच्या जागी घुसळतं आणि बघता बघता उकळायला लागतं. हे कधीही करू नका, असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगायचा. गाडी थरथरली. करपट वास आला. वॉर्डबॉय काहीतरी म्हणत होता.

काटा थबकला आणि परत वर चढायला लागला. वस्तादाला जरा बरं वाटलं. काटा वर असेपर्यंत गाडी बंद करायची नव्हती, आणि गाडी बंद होईपर्यंत त्याला मान वळवायची नव्हती.